किंमत आणि दर्शन
(शताब्दी समारंभातील भाषण)



मूळचे गोमंतकीय चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे १९६१ सालचे तैलचित्र मार्च २०२१ मध्ये मुंबईतील लिलावात सुमारे ४० कोटी रुपयांना विकले गेले. त्या काळातील त्यांची लहानखुरी चित्रेही आता लिलावात येतात. सूचिपत्रात नोंद त्रोटक असते: शीर्षक नाही, तैलरंग, लांबी-रुंदी, साल, पूर्वीचे मालक.

गायतोंडे आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ नव्हे, ‘वस्तुनिरपेक्ष’ म्हणत. रंगाचे थर चढवीत, खरवडीत, वर्षाकाठी ते मोजकीच चित्रे पूर्ण करीत. इतक्या सावकाश घडलेले चित्र सावकाशच पाहावे लागते. लिलावापूर्वी मात्र ते चार दिवस मांडले जाते आणि मग एखाद्या घरात दिसेनासे होते.

किंमत देणाऱ्याला मी दोष देत नाही. त्यामुळे चित्रे जपली जातात. परंतु ग्रंथाचे मोल आपण त्याच्या किमतीवर ठरवीत नाही. तो किती हातांतून गेला, हे पाहतो. म्हणून विनंती एवढीच: ज्यांच्या घरी एखादे चांगले चित्र असेल, त्यांनी वर्षातून आठवडाभर ते या वाचनालयात लावावे. मालकी आपलीच राहील; दर्शन सर्वांचे होईल.