ऊर्जाप्रयोगांचा लोक-ज्ञानकोश

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



ऊर्जेवर बोलण्यासाठी एखाद्या अभियंत्याला न बोलावता माझ्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधर पत्रकाराला आपण बोलावलेत, याचे काहींना आश्चर्य वाटले असेल. पण मी आज यंत्राविषयी थोडे आणि वहीविषयी अधिक बोलणार आहे. आणि वहीशी माझा संबंध आयुष्यभराचा आहे.

माझ्या लहानपणी, १९८०च्या सुमारास, आमच्या गावात एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. आम्ही मुले त्यांना मामा म्हणत असू. त्यांनी गच्चीवर सागवानी पात्यांची पवनचक्की उभी केली होती. खाली जुन्या मोटारीचा डायनॅमो. तो वेगाने फिरल्यावाचून वीज देत नाही आणि वाऱ्याची पाती तर सावकाश फिरतात. ही अडचण मामांनी सायकलची साखळी आणि लहान-मोठी दाती चाके बसवून सोडविली होती. दोन दिवे आणि एक रेडिओ एवढाच त्या विजेचा संसार. पण मामांची एक जाडजूड वही होती. कोणत्या महिन्यात वारा कसा होता, पाती कोणत्या कोनात घासली, कोणती मोडली आणि का मोडली, हे सारे त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवले होते. मामा गेले. घर विकले गेले. वही रद्दीत गेली. पुढे वीसएक वर्षांनी आमच्याच तालुक्यातील एका तरुण प्राध्यापकाने तसाच प्रयोग आरंभला, पात्यांचे दोन संच मोडले आणि खिशातले पैसे संपल्यावर तो सोडून दिला. ती वही त्याच्या हाती असती, तर त्याने मामा जेथे थांबले तेथून आरंभ केला असता.

मामांना आपण विसरलो, ही हळहळ आहेच. पण खरी हानी त्या वहीची आहे. प्रत्येक पिढीने, प्रत्येक गावाने तीच चूक नव्याने करायची आणि पुन्हा शून्यापासून आरंभ करायचा, हा राष्ट्रीय अपव्यय आहे.

याच्या उलट काय घडू शकते, याचे उदाहरण डेन्मार्कचे आहे. १९७३ साली अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव भडकले, तेव्हा तो चिमुकला देश आपल्या ऊर्जेच्या सुमारे नव्वद टक्के गरजेसाठी आयात तेलावर अवलंबून होता. पण त्याच्या गाठीशी एक परंपरा होती. पॉल ला कूर नावाच्या शिक्षकाने १८९१ साली आस्कोव्ह येथील लोकविद्यालयात पवनचक्कीपासून वीज निर्माण केली होती. तेवढ्यावर न थांबता त्यांनी ग्रामीण तरुणांसाठी वर्ग चालविले, आपले प्रयोग प्रसिद्ध केले. १९०४ सालच्या वर्गातील योहानेस यूल या विद्यार्थ्याने पुढे १९५७ साली गेडसर येथे २०० किलोवॉटची, तीन पात्यांची, दणकट पवनचक्की उभारली. ला कूर १९०८ सालीच निवर्तले होते. पण ज्ञान लिहिलेले आणि शिकविलेले असल्यामुळे ते त्यांच्याबरोबर संपले नाही.

तेलसंकटानंतर हीच परंपरा कोणी उचलली? क्रिस्टियान रीसागर नावाच्या एका सुताराने. लाकडी पाती आणि मालमोटारीचे सुटे भाग घेऊन त्याने आपल्या बागेत चक्की उभारली. त्विंड येथील शाळेच्या शिक्षकांनी आणि स्वयंसेवकांनी १९७५ ते १९७८ या काळात स्वतःच्या हातांनी प्रचंड पवनचक्की बांधली. लोहार, सुतार, शेतकरी, शिक्षक हे हौशी लोक ठरावीक काळाने एकत्र जमत आणि आपले यश-अपयश एकमेकांना सांगत. पवनचक्कीधारकांच्या मासिकात कोणत्या चक्कीने त्या महिन्यात किती वीज दिली, हे आकडे छापले जात. एकाचे पाते वादळात उडाले, तर त्याचे कारण सर्वांना कळे आणि पुढच्या चक्कीला अधिक चांगला गतिरोधक बसे. शासनाने १९७८ साली रीसो येथे चाचणी केंद्र काढले आणि पुढे तेथील मान्यता मिळालेल्या चक्क्यांनाच अनुदान दिले.

त्याच काळात जर्मनीने निष्णात अभियंत्यांकरवी १०० मीटर व्यासाची, ३ मेगावॉटची ‘ग्रोवियान’ ही महाकाय चक्की उभारली. ती १९८३ साली सुरू झाली, जेमतेम काही शे तास चालली आणि १९८८ साली उतरवून ठेवावी लागली. जर्मन अभियंत्यांच्या बुद्धीत काही उणे होते असे नाही. पण एकदम शिखरावर उडी घेण्याऐवजी डेन्मार्कच्या कारागिरांनी पायरी-पायरीने आणि एकमेकांच्या खांद्यावर उभे राहून चढाई केली. आज त्या देशाची निम्म्याहून अधिक वीज वारा आणि सूर्य यांपासून येते.

आता आपल्या घरात डोकावू. गोबर गॅसचे तंत्र आपल्याला नवे नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ सालीच मैल्यापासून वायू काढला जात होता. जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीची रचना बसविली आणि खादी ग्रामोद्योग आयोगाने ती देशभर नेली. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी ‘आरती’ या संस्थेत याच शतकाच्या आरंभी एक साधा प्रश्न विचारला : वायू करणाऱ्या जिवाणूंना जनावराने पचवून टाकलेले शेणच का घालायचे, थेट अन्न का नको? पाण्याच्या दोन प्लॅस्टिक टाक्या कापून एकीत एक बसविल्या, आरंभी विरजणापुरते शेण घातले आणि पुढे रोज शिळे अन्न, पीठ, खरकटे. सयंत्र गच्चीत मावेल एवढे झाले. या कार्याला २००६ साली लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. विवेकानंद केंद्राच्या कन्याकुमारी येथील प्रकल्पानेही ‘शक्ती सुरभी’ नावाने स्वयंपाकघरातील खरकट्यावर चालणारे सयंत्र घडविले. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३पासून शाळकरी मुलांना हातांनी करून शिकण्याचा मार्ग दाखविला.

दीपस्तंभ आहेत, पण दोन दीपस्तंभांमधल्या अंधाराचे काय? आमच्या वसाहतीत असे खरकट्याचे सयंत्र मोठ्या उत्साहाने बसविले गेले. सणासुदीला सर्व घरांतील उरलेले अन्न एकदम त्यात ओतले. दोन दिवसांत आंबट दर्प येऊ लागला, गॅस बंद झाला आणि महिनाभरात टाकी भंगारात निघाली. पुढे मी बातमीच्या निमित्ताने हिंडलो, तेव्हा शहराच्या तीन वेगवेगळ्या भागांत तंतोतंत हीच कथा ऐकली. कारण साधे होते. अन्न एकदम जास्त घातले की आम्ल वाढते आणि वायू करणारे जिवाणू मंदावतात. काही दिवस अन्न थांबवावे, चुन्याने आम्लता थोडी उतरवावी, ताज्या शेणाचे पाणी घालून पुन्हा हळूहळू आरंभ करावा, म्हणजे बहुधा सयंत्र सावरते. हे जाणणारा माणूस त्याच शहरात होता. पण चार वसाहतींना तो ठाऊक नव्हता आणि त्याला त्या ठाऊक नव्हत्या.

म्हणून माझा प्रस्ताव असा की, मराठीत ऊर्जाप्रयोगांचा एक सामायिक, खुला, संगणकीय ज्ञानकोश उभा राहावा. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी लोकांकडून भांडवल उभे करून ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यावरील दप्तरे गोळा करीत राहिले. आज आपल्या हाती संगणक आहे, खिशात छायाचित्रे घेणारा दूरध्वनी आहे. उणीव आहे ती केवळ राजवाड्यांच्या चिकाटीची.

या कोशात काय असावे? प्रत्येक प्रयोगाला एक नोंदपत्र. प्रयोग कोठे केला, तेथील ऊन-वारा-पाऊस कसा, साहित्य कोणते आणि ते बाजारात कोणत्या नावाने मिळते, खर्च किती, मोजमाप कशाने केले आणि उत्पन्न किती आले. सर्वांत महत्त्वाचा रकाना अपयशाचा. काय बिघडले, केव्हा बिघडले, कशाने सुधारले. आपण अपयश लपवितो, कारण त्याची लाज वाटते. पण इतरांसाठी शंभर यशोगाथांपेक्षा एक प्रामाणिक अपयशकथा अधिक मोलाची असते. चौथा रकाना सुरक्षिततेचा. बंदिस्त खोलीत साठलेला गॅस स्फोटक ठरतो, बॅटरीतील आम्ल डोळे घालविते, छतावरील सौर पट्ट्यांची वीज उन्हात बटण बंद करूनही पट्ट्यांत राहतेच. हौसेपायी कोणाचा जीव जाऊ नये.

दुसरा नियम पडताळणीचा. १९९६ साली तामिळनाडूतून वनस्पतीपासून पेट्रोल केल्याचा दावा देशभर गाजला. आम्ही वृत्तपत्रवाल्यांनी त्याला रकानेच्या रकाने दिले; तपासणीत तो टिकला नाही. पाण्यावर चालणारी मोटार, चुंबकावर अखंड फिरणारे यंत्र असले दावे आजही येतात. तेव्हा कोशाने एकच विचारावे : आत किती ऊर्जा घातली, बाहेर किती आली आणि आणखी दोघांनी ते करून पाहिले काय? तोवर नोंदीवर ‘अपडताळित’ असा शिक्का असावा. आणि हीच कसोटी आपण आपल्या अभिमानाच्या विषयांनाही लावावी, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. प्राचीन ग्रंथात विद्युत्घट आहे असे कोणी म्हणत असेल, तर त्याने तो बांधावा, मोजावा आणि आकडे लिहावेत. पूर्वजांचा खरा गौरव त्यांच्यासारखे प्रयोगशील होण्यात आहे.

कोणी विचारील, सारे खुले केल्यावर परकीय कंपन्या ते पळवतील त्याचे काय? याचे उत्तर हळदीने दिले आहे. जखमेवरील हळदीच्या वापराचे एकस्व १९९५ साली अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. आजीबाईंच्या बटव्यात हळद होती, एवढे सांगून भागले नाही; जुन्या ग्रंथांतील आणि नियतकालिकांतील लेखी पुरावे दाखवावे लागले. जे लिहिलेले आणि प्रसिद्ध असते, त्यावर दुसऱ्याला हक्क सांगणे अवघड जाते. मात्र ज्याला स्वतःच्या शोधाचे एकस्व घ्यावयाचे असेल, त्याने आधी अर्ज करावा आणि मग नोंद द्यावी. कारण प्रसिद्धीनंतर त्याचाही हक्क सामान्यतः उरत नाही. आणि प्रत्येक नोंदीवर प्रयोगकर्त्याचे नाव असावे. प्रा. अनिल गुप्ता यांच्या ‘हनी बी’ चळवळीने हा दंडक गुजरातेत कधीच घालून दिला आहे. मधमाशी मध घेते, पण फुलाला दरिद्री करीत नाही.

आता आपला, म्हणजे संघटनेचा, वाटा. मामांसारखी माणसे आजही गावोगाव आहेत. त्यांतील कित्येकांना लिहिण्याचा कंटाळा आहे, कित्येकांना संगणक येत नाही. आपल्याकडे घरोघर संपर्क असलेला कार्यकर्ता आहे, महाविद्यालयीन तरुण आहे, निवृत्त शिक्षक आहे, घरातील खरकट्याचा आणि सौर बंबाचा हिशेब बिनचूक ठेवणाऱ्या गृहिणी आहेत. प्रत्येक नगराने एक लेखनिक नेमावा. त्याने महिन्यातून एका प्रयोगकर्त्याच्या घरी जावे, चहा घ्यावा, यंत्र पाहावे, छायाचित्र काढावे, चार रकाने भरावेत. वर्षाला बारा नोंदी. त्या सोप्या मराठीत असाव्यात. फिटरला कळेल असा शब्द असावा, शब्दकोशात शोधावा लागेल असा नको.

आपण खनिज तेलाच्या गरजेचा फार मोठा भाग आणि स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक परदेशातून आणतो. दूरच्या आखातात तोफ डागली जाते आणि इथल्या चुलीवर चिंता शिजते. गच्चीवरील एका टाकीने हे परावलंबन संपणार नाही, हे मी जाणतो. शासनाच्या योजना, मोठे प्रकल्प यांचे स्थान त्यांच्या जागी आहेच. पण स्वदेशी म्हणजे केवळ इथे बनलेली वस्तू विकत घेणे नव्हे. ती कशी बनते, का बिघडते, कशी दुरुस्त होते, हे ज्ञान समाजाच्या मालकीचे असणे म्हणजे स्वदेशी.

आज घरी गेल्यावर आपल्या परिचयातील असा एक प्रयोगवेडा माणूस आठवा. तो हयात असेल तर या रविवारी त्याच्याकडे जा. तो गेला असेल, तर त्याच्या घरच्यांना एवढेच विचारा, की त्यांची वही अजून आहे का? रद्दीवाला येण्याच्या आत आपण पोहोचलो, तर कोशाची पहिली नोंद झाली, असे मी समजेन.

भारतमाता की जय.