कॉकाटीलची संगत

कोंकणांतील घरांच्या ओटीवर पोपटाचा पिंजरा टांगण्याची चाल फार जुनी होती. मुलें त्याला राघू म्हणत, वडील माणसें त्याला देवाचें नांव शिकवीत, आणि डाळ-मिरची घातली कीं पक्ष्याविषयींचें कर्तव्य संपलें, असें सर्वांस वाटे. पुढें १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें देशी पोपटांस संरक्षण मिळालें. त्यांना धरणें, विकणें किंवा पाळणें हा आज गुन्हा आहे. त्या रिकाम्या जागीं चिंचणीपासून मुंबईपर्यंत अनेक घरांत जे परदेशी पक्षी आले, त्यांत कॉकाटील विशेष आवडता होय. दुकानदार त्याला 'कॉकटेल' असेंही म्हणतात. पाहुणा बदलला, परंतु पाहुणचाराची रीत मात्र पुष्कळ ठिकाणीं जुनीच राहिली आहे.

हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागांतील रुक्ष प्रदेशाचा. काकाकुव्याच्या कुळांतील हा सर्वांत लहान. लांबी सुमारें ३० सेंटिमीटर, त्यांत निम्मी शेपटीच; वजन अवघें ८० ते १०० ग्रॅम. रानांत तो पाणी आणि गवताचें बी शोधीत थव्यानें हिंडतो. एकाला भय वाटलें कीं सारा थवा उडतो, आणि मागें राहिलेला सोबत्यांना हाका घालीत राहतो. ह्या एका गोष्टींत त्याच्या स्वभावाची किल्ली आहे. पिंजऱ्यांत आल्यावर घरांतील माणसें हाच त्याचा थवा होतो. माणूस दुसऱ्या खोलींत जातांच तो जें कर्कश ओरडतो, तो हट्ट नव्हे. ती साद होय. तिकडूनच एक हलकी शीळ घातली, तर तो बहुधा शांत होतो. उलट, त्याच्यावर ओरडल्यास तेंही त्याला उत्तरच वाटतें, आणि तो अधिकच ओरडतो.

त्याचें मन त्याच्या तुऱ्यावर लिहिलेलें असतें. तुरा ताठ उभा राहिला, तर भय किंवा कुतूहल. किंचित् मागें कललेला असला, तर स्वस्थता. डोक्यास अगदीं चिकटला आणि चोंचींतून फुत्कार निघाला, तर राग. अशा वेळीं हात पुढें करणारास चावा बसला, तर दोष पक्ष्याचा नव्हे. मान खालीं घातली, तर डोकें खाजवून हवें असतें. निजण्यापूर्वीं चोंच घासल्याचा बारीक आवाज आला, तर तो समाधानाचा समजावा. शीळ आणि गाणें शिकतो तो बहुधा नर. मादी स्वभावतः अबोल. तिनें बोलावें म्हणून तिच्यामागें लागणें व्यर्थ आहे.

आहाराच्या बाबतींत केवळ बियांवर भागत नाहीं. राळे, बाजरी ह्यांजबरोबर पालक, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेलें गाजर द्यावें. सूर्यफुलाचें बी स्निग्ध, म्हणून तें थोडेंच. चहा, चॉकलेट आणि खारट फरसाण वर्ज्य. ॲव्होकॅडो हें फळ तर विषासमान. किनाऱ्यावर लाटांबरोबर येणारा पांढरा, हलका समुद्रफेन ह्या पक्ष्यास फार उपयोगी. माकुलासारख्या एका सागरी प्राण्याचें तें आंतील कवच. त्यांतून चुना मिळतो. मात्र तो कांहीं दिवस गोड्या पाण्यांत, पाणी बदलीत, भिजवावा आणि उन्हांत खडखडीत वाळवावा. चिंचणीची पावसाळी हवा दमट; तेव्हां थोडेंच धान्य आणून कोरड्या डब्यांत ठेवावें, कारण बुरशी लागलेलें बी घातक ठरतें.

पिंजरा स्वयंपाकघरांत कधींही नसावा. न चिकटणाऱ्या लेपाचा तवा फार तापला, तर त्याची वाफ माणसाला जाणवण्यापूर्वींच पक्षी मरतो. काळोखांत हा पक्षी एकाएकी दचकून पिंजऱ्यावर आपटतो. दिवाळींतील फटाक्यांच्या रात्रीं तर फारच. म्हणून जवळ एक मंद दिवा असावा. त्याच्या पिसांतून बारीक पांढरी भुकटी झडते, म्हणून दम्याचें माणूस घरांत असल्यास आधीं विचार करावा.

ज्या घरांतील मंडळी सकाळींच गाडी गांठून मुंबईस, किंवा बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत कामास जातात आणि दिवसभर दाराला कुलूप असतें, तेथें एकटा पक्षी ठेवूं नये. असा पक्षी कित्येकदां आपलींच पिसें उपटूं लागतो. दया येऊन त्याला आकाशांत सोडणें हेंही पुण्य नव्हे. तो पिंजऱ्यांतच जन्मलेला. येथील अन्न त्याला ओळखतां येत नाहीं, आणि कावळे व शिक्रा ह्यांपुढें त्याचा निभाव लागत नाहीं. दिवसभर घरांत असणारें वृद्ध माणूस त्याला उत्तम सोबती होय. परंतु नीट राखलेला कॉकाटील १५ ते २० वर्षें जगतो. म्हणून पक्षी आणण्यापूर्वीं पिंजऱ्याची किंमत विचारावी, त्याबरोबरच पुढें त्याची साद ऐकून शीळ कोण घालील, हेंही घरांत ठरवावें. त्या प्रश्नाचें उत्तर नसेल, तर पिंजरा रिकामा राहिलेलाच बरा.