चित्रातला मारुती आणि सणाची सुट्टी



कामगार चळवळीतल्या माणसाने मुलांच्या कार्टूनवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ते कामगाराच्याच घरात पाहिले जाते. तेव्हा विषय आपलाही आहे.

ऑक्टोबर 2005 मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके यांचा ‘हनुमान’ पडद्यावर आला. सूर्याला फळ समजून झेपावणारा मारुती आपल्या मुलांना नवा नव्हता. नवे होते ते त्याचे चित्रातून चालतेबोलते होणे. त्यापूर्वी, 1964 साली, अमेरिकेत असाच एक उडता कुत्रा अवतरला होता. त्याचे नाव अंडरडॉग. एरवी हा बूटपॉलिश करणारा पोऱ्या. संकट आले की आकाशात झेपावणार. एका कथेत सायमन नावाचा दुष्ट थँक्सगिव्हिंगचा सणच बुडवू पाहतो आणि हा तो वाचवतो. बूटपॉलिशवाल्याने सण वाचवावा, ही कल्पना मला मनापासून आवडते. पण ती मालिका निघाली जनरल मिल्स कंपनीची न्याहारी खपवण्यासाठी, आणि तिची चित्रे रंगली मेक्सिकोतल्या कारखान्यात. पडद्यावरच्या एका सेकंदाला 24 चौकटी लागतात. त्यांमागचे हात मात्र कोणाला दिसत नाहीत.

आपल्याकडे सुट्टी आकाशातून आली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून सभा भरवल्या, हजारो सह्यांचे अर्ज केले, तेव्हा 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मान्य झाली.

आणि आपल्या पट्ट्यात? अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. गुरुवारी मूल शाळेत, रविवारी बाप पाळीवर! कंत्राटी कामगाराची तऱ्हा आणखी वाईट. सणाला घरी राहिला तर खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. चैत्री पौर्णिमेला घरी पडद्यावर मारुती जन्मतो, तेव्हा बाप चाकणला यंत्रापाशी उभा असतो.

मारुतीला स्वतःच्या बळाचा विसर पडला होता. जांबवंताने आठवण दिली, तेव्हा समुद्र ओलांडला गेला. संघटनेचे काम जांबवंताचेच आहे. मुलांना कार्टून अवश्य दाखवा, पण शेजारी बसा, आणि शेजारी बसण्याची ही सवड कोणी मिळवून दिली तेही सांगा. ज्यांना ती अजून मिळालेली नाही, त्यांच्यासाठी मागणी एकच: कंत्राटी कामगारालाही सणाची भरपगारी सुट्टी!