रक्ताचा अहवाल आणि आपले कर्तव्य
(संस्थेच्या वार्षिक सभेत मिहान, नागपूर येथे रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याची माझी योग्यता नाही. तथापि यकृताच्या सिरॉसिसमध्ये जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णांच्या खर्चाचा हिशेब माझ्या टेबलावर येतो. त्या हिशेबातून उद्भवणारा एक प्रश्न आज आपणापुढे मांडतो.

सिरॉसिसमध्ये यकृताच्या निरोगी पेशींची जागा व्रणासारखे तंतू व गाठी घेतात. पुढे जलोदर होतो, रोगप्रतिकारशक्ती क्षीण होते. अशा रुग्णास जंतुसंसर्ग झाल्यास मृत्यूचा धोका सुमारे चौपट होतो, असे अनेक अभ्यासांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात दिसून आले. अडचण अशी की, या रुग्णांना ताप येईलच असे नाही. प्लीहा वाढल्याने पांढऱ्या पेशीही बहुधा आधीच कमी असतात.

म्हणून डॉक्टर रक्तातील निर्देशकांचा आधार घेतात. बिलिरुबिन, क्रिएटिनिन व आय.एन.आर. यांवरून अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये ‘मेल्ड’ गुणांक तयार झाला. सी.आर.पी. दाह दर्शवितो, परंतु तो यकृतातच तयार होत असल्याने यकृत फार दुबळे झाले की अपेक्षेइतका वाढत नाही. प्रोकॅल्सिटोनिन जिवाणूंच्या संसर्गात वाढते. लॅक्टेट वाढणे हे शरीरात प्राणवायूचा पुरवठा अपुरा पडत असल्याचे लक्षण असू शकते; मात्र ते साफ करणारे यकृतच आजारी असल्याने त्याचाही अर्थ जपून लावावा लागतो. एका आकड्यावर कोणी विसंबत नाही. उपचारानंतर आकडे कोणत्या दिशेने जातात, हेही पाहिले जाते.

अहवाल हाती येताच नातेवाईक विचारतात, “साहेब, आमचा माणूस वाचेल ना?” निर्देशक अशा अनेक रुग्णांचे सरासरी भवितव्य सांगतात, समोरच्या एका रुग्णाचे नव्हे. तरीही आकडे वाईट दिसले की घरची मंडळी खचतात आणि “आता खर्च करून काय उपयोग?” असा विचार बळावतो. आपल्यासारख्या संस्थेलाही हा मोह होऊ शकतो.

वैद्यकीय पुरावा मात्र याच्या उलट आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील अभ्यासात जलोदराच्या पाण्याला संसर्ग झालेले १२६ रुग्ण होते. केवळ प्रतिजैविक दिलेल्यांपैकी २९ टक्के रुग्णालयातच दगावले. सोबत अल्ब्युमिन दिलेल्यांपैकी १० टक्के. पुढे असे दिसले की, ज्यांचे बिलिरुबिन ४ मिलिग्रॅमहून किंवा क्रिएटिनिन १ मिलिग्रॅमहून अधिक असते, त्यांनाच या उपचाराचा विशेष लाभ होतो. म्हणजे ज्या आकड्यांनी आपण निराश होतो, तेच आकडे कोणावर त्वरेने खर्च करावा हे दाखवितात.

आता हिशेब. ६० किलो वजनाच्या रुग्णास पहिल्या दिवशी ९० ग्रॅम व तिसऱ्या दिवशी ६० ग्रॅम अल्ब्युमिन लागते. वीस टक्क्यांच्या १०० मिलिलिटर बाटलीत २० ग्रॅम असते. म्हणजे आठ बाटल्या. मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबास हा भार झेपणारा नाही. सार्वजनिक न्यास अधिनियमाच्या कलम ४१ अअ अन्वये उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखावयाच्या असतात, तसेच देयकांच्या एकूण रकमेच्या २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाचे असतात. परंतु या निधीवर सर्वच आजारांचा हक्क आहे.

म्हणून माझी विनंती दुहेरी आहे. विश्वस्तांनी असे ठरवावे की, जलोदराचा रुग्ण दाखल होताच अनामत रकमेची वाट न पाहता पोटातील पाण्याची तपासणी व्हावी. त्या पाण्यात प्रति घन मिलिमीटर २५० किंवा अधिक न्यूट्रोफिल पेशी आढळल्यास उपचार तत्काळ सुरू करावे लागतात. देणगीदारांनी अल्ब्युमिनसाठी स्वतंत्र निधी उभारण्यास साहाय्य करावे.

नातेवाइकांना एवढेच सांगतो की, अहवालातील आकडा डॉक्टरांकडून समजून घ्या. केवळ तो पाहून रुग्णास घरी नेण्याचा निर्णय घेऊ नका.