मुलांना आधी बोलू द्या

(आकाशवाणीवरील भाषण)



जून महिन्याच्या मध्यास शाळा उघडतात आणि श्रीगोंदे तालुक्यातील वाड्यावस्त्यांवरची सहा वर्षांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळांच्या हजेरीपत्रकावर येतात. त्यांना भाषा शिकवावयाची आहे, अशा समजुतीने आपण शिक्षक कामास लागतो. परंतु कुकडीच्या कालव्याला आवर्तन केव्हा सुटले, रात्री पाण्याची दारे धरावयास घरातील कोण गेले, लिंबाच्या बागेला बहरापूर्वी ताण कशासाठी द्यावा लागतो, काष्टीच्या बाजारात बैलाचे दात पाहून त्याचे वय कसे ओळखतात, हे सारे ज्या मुलाला क्रमवार, कार्यकारणभावासह आणि ऐकणाऱ्याचे लक्ष खिळून राहील अशा रीतीने सांगता येते, त्या मुलापाशी भाषा नाही असे कोण म्हणेल? त्याच्यापाशी नसते ती लिपी. ती त्याला द्यावयाची आहे, आणि देताना घरून आणलेली भाषा त्याच्यापासून हिरावून घ्यावयाची नाही, एवढेच आज मला आपणापुढे मांडावयाचे आहे.

श्रवण, भाषण, वाचन, लेखन असा क्रम अभ्यासक्रमात पिढ्यान्‌पिढ्या छापला जात आला आहे. प्रत्यक्ष वर्गात मात्र पहिल्याच दिवशी मुलाच्या कानी जे वाक्य पडते, ते 'हाताची घडी, तोंडावर बोट' हे असते. यात शिक्षकांचा दोष काढण्याची माझी मुळीच इच्छा नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला. त्यानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात, आणि वस्त्यांवरच्या आपल्या बहुसंख्य शाळा अशा द्विशिक्षकीच आहेत. एका शिक्षकाकडे दोन इयत्ता, एकाच खोलीत. तिसरीला गणित समजावून द्यावयाचे तर पहिलीने गप्प बसलेच पाहिजे, अशी ती अडचण आहे. तथापि अडचण खरी असली म्हणून तिचा परिणाम कमी घातक ठरत नाही. जे मूल अंगणात अखंड बोलत असते ते वर्गात दोन-दोन महिने एक पूर्ण वाक्य उच्चारीत नाही, आणि मग दिवाळीनंतर आपण त्याच्यापुढे पुस्तक उघडून ठेवतो व ते वाचीत का नाही म्हणून चिंता करीत बसतो.

वस्तुतः आमच्या श्रीगोंदे गावाला कानाने ज्ञान घेण्याची परंपरा मोठी आहे. सरस्वती नदीच्या काठी वसलेले हे श्रीगोंदे जुन्या दप्तरांतून चांभारगोंदे या नावाने येते, आणि सतराव्या शतकात येथे वास्तव्य केलेल्या संत शेख महंमदांनी 'योगसंग्राम' हा आपला ग्रंथ मराठी ओवीत रचला. मुसलमान घराण्यात जन्मलेल्या या सत्पुरुषाची वाणी ज्यांच्या मुखी बसली, त्यांतील बहुतेकांना अक्षर-ओळख नव्हती. एकाने वाचावे आणि सर्व गावाने ऐकावे, अशीच त्या काळच्या ग्रंथांची रीत होती. कीर्तन, भारूड, हरिपाठ, जात्यावरची ओवी यांवर पोसलेला तो कान आजही आमच्या मुलांपाशी आहे. हरिनाम सप्ताहात बसलेले सात वर्षांचे मूल तासभर कीर्तन ऐकते आणि घरी जाऊन आजीला त्यातला दृष्टांत सांगते. प्राथमिक शिक्षणाला याहून बळकट पाया कोणता हवा?

आता वाचनाकडे वळू. येथे थोडे सविस्तर बोलणे प्राप्त आहे, कारण आपल्या लिपीविषयी एक गोड गैरसमज प्रचलित आहे की, देवनागरी जशी उच्चारावी तशीच लिहिली जाते, सबब अक्षरे पाठ झाली की वाचन आपोआप येते. 'कमळ' हा शब्द घ्या. मराठीत शब्दाच्या अखेरचा अकार उच्चारात लोप पावतो. आपण 'कमळ्' म्हणतो. अक्षरे सुटी पाठ केलेले मूल मात्र 'क', 'म', 'ळ' असे तीन पूर्ण अकार उच्चारते आणि त्या तीन ध्वनींतून आपल्या ओळखीचे फूल त्याला दिसत नाही. 'चार' आणि 'चारा' यांतील च एकाच आकृतीने लिहिला जातो, पण उच्चार दोन. आणि गोठ्यात वाढलेल्या मुलाला हा भेद शिकवावा लागत नाही, तो त्याच्या जिभेवर असतोच. ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहावयाची आणि नंतर उच्चारावयाची. र तर 'चक्र', 'राष्ट्र', 'सूर्य' आणि 'दुसऱ्या' या चार शब्दांत चार निरनिराळी रूपे घेऊन येतो. या सर्व ठिकाणी मुलाला पार नेणारी शक्ती एकच, आणि ती म्हणजे तो शब्द त्याने पूर्वी ऐकलेला आणि बोललेला असणे. अर्धवट ओळखलेल्या अक्षरांवरून मूल ओळखीच्या शब्दावर झेप घेते, आणि ती झेप साधली की अक्षरेही पक्की होतात. ज्याची बोली वर्गात मुकी झाली, त्याच्या पायाखालची जमीनच आपण काढून घेतलेली असते.

आपली वर्णमाला कंठापासून ओठापर्यंतच्या उच्चारस्थानांना अनुसरून रचलेली आहे, आणि ही रचना प्राचीन भारतीय व्याकरणाची अभिमानास्पद देणगी आहे. परंतु ती उच्चारशास्त्राच्या सोयीची आहे, सहा वर्षांच्या बालकाच्या सोयीची नव्हे. अ पासून ज्ञ पर्यंतची सर्व अक्षरे, मग बाराखडी, मग काना-मात्रांचे शब्द, या जुन्या क्रमाने गेल्यास मुलाला ङ आणि ञ यांचा घोष करावा लागतो, जे मराठी मजकुरात त्याला क्वचितच भेटणार असतात, आणि 'मामा' हा शब्द वाचण्यासाठी काही महिने वाट पाहावी लागते. त्याऐवजी क, म, ल, न, र ही पाच अक्षरे आणि त्यांच्या जोडीला काना एवढेच पहिल्या पंधरवड्यात दिले, तर 'काका', 'मामा', 'नाक', 'कान', 'मका', 'नाला' हे शब्द मूल स्वतः वाचू लागते. पुढच्या गटात प, ट, ण आणि दीर्घ वेलांटी आली की 'पाट', 'पाटी' आणि 'पाणी' त्याच्या हाती येतात, आणि आमच्या तालुक्यात 'पाणी' या शब्दाला किती किंमत आहे हे मी सांगावयास नको. सातारा जिल्ह्यात फलटण येथे डॉ. मॅक्सीन बर्नसन या विदुषींनी, ज्या जन्माने अमेरिकन असून मराठीच्या अभ्यासासाठी येथे आल्या व येथल्याच झाल्या, वर्णांचे असे लहान लहान गट करून स्वरचिन्हांसह वाचन शिकविण्याचा मार्ग अनेक वर्षे वंचित वस्त्यांतील मुलांबरोबर प्रत्यक्ष काम करून सिद्ध केला. त्यांनी स्थापिलेली प्रगत शिक्षण संस्था आणि तिचे कमला निंबकर बालभवन यांना प्रत्येक प्राथमिक शिक्षकाने एकदा तरी भेट द्यावी. त्या मार्गाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग असा की, मूल जे बोलते तेच त्याचे पहिले वाचनपुस्तक होऊ शकते. मुलाने सांगावे, 'आमची गाय व्याली', शिक्षकाने तेच वाक्य त्याच्यादेखत फळ्यावर लिहावे आणि बोट ठेवून वाचून दाखवावे. आपल्या तोंडचे वाक्य तेथे उभे राहिले हे मुलाला कळते, आणि लेखन म्हणजे काय हे त्याला कोणत्याही व्याख्येवाचून उमगते.

मूल 'हाय', 'न्हाई', 'व्हतं' असे बोलेल. पहिल्या वर्षी ते तसेच चालू द्यावे. पुस्तकातील 'आहे', 'नाही', 'होते' ही रूपे शिक्षकाच्या बोलण्यातून आणि गोष्टींतून त्याच्या कानावर पडत राहिली की दुसरी-तिसरीपर्यंत ते दोन्ही रूपे योग्य ठिकाणी वापरू लागते. घरची बोली चुकीची ठरविल्याने प्रमाण भाषा लवकर येते, असा अनुभव कोठेही नाही. मूल बोलण्याचे टाळू लागते, असा मात्र सर्वत्र आहे.

हा प्रश्न अधिक तीव्र होतो तो पारधी समाजाच्या मुलांच्या बाबतीत. आमच्या तालुक्यात हा समाज बऱ्याच संख्येने आहे. ब्रिटिश अमदानीत गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्का ज्या समाजांवर बसला, त्यांत पारध्यांची गणना होती. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का लोकांच्या मनातून पुसला गेला नाही. या मुलांची घरची बोली गुजरातीच्या कुळातील आहे. अशा मुलाला पहिलीत मराठीची अक्षरे घोकावयास लावणे म्हणजे न ऐकलेल्या भाषेची लिपी शिकविणे होय. त्याला आधी मराठी ऐकावयास आणि बोलावयास काही महिने मिळाले पाहिजेत, आणि या काळात त्याच्या बोलीतील दहा-वीस शब्द शिक्षकाने स्वतः शिकून घेतले पाहिजेत. भाकरीला काय म्हणता, पावसाला काय म्हणता, एवढे विचारले तरी त्या मुलाची मान ताठ होते, आणि वर्गातील इतर मुलेही त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागतात. डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी जे कार्य उभे केले, त्यात मुलांच्या अंगणात जाऊन शाळा भरविण्याचे धैर्य होते. आम्हांला निदान त्यांच्या अंगणातील शब्द तरी शाळेत आणता येतील.

वर्गात बोलण्याची संधी आणखी एका गटाची हुकते. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की बीडकडून आणि पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात व मुले ऐन वर्षाच्या मध्यावर शाळा सोडून फडावर येतात. शिक्षण हमी कार्डाची तरतूद त्यांच्यासाठी आहे. तिचा उपयोग करून या मुलांना नजीकच्या शाळेत बसवून घेणे हे मुख्याध्यापकांचे कर्तव्य आहे.

आता वाचनाच्या ध्येयाविषयी. 'निपुण भारत' ही योजना ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाली आणि तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द समजपूर्वक वाचावेत असे ध्येय तिने समोर ठेवले. देशभर होणाऱ्या 'असर' पाहणीत पाचवीच्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो असे वारंवार दिसून आलेले असताना, असे स्पष्ट ध्येय असणे स्वागतार्हच आहे. माझी विनंती एवढीच की, त्या ध्येयातील 'साठ' या आकड्यावर आपले जितके लक्ष आहे तितकेच 'समजपूर्वक' या शब्दावर असावे. घड्याळ लावून मूल वाचून झाले की पुस्तक मिटावे आणि त्याला विचारावे, 'काय झाले रे त्या गोष्टीत?' त्याने जे सांगितले तेच त्याचे खरे वाचन.

लेखनाविषयी सांगावयाचे तर, अनुलेखन आणि श्रुतलेखन ही दोन्ही उपयुक्त आहेत, अक्षर वळणदार व्हावे यासाठी आवश्यकही आहेत. परंतु मुलाच्या मनातले कागदावर उतरणे हे लेखनाचे खरे स्वरूप. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले तेव्हा प्राथमिक शाळांत वाचन, मोडी व बाळबोध लेखन आणि हिशेब यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे अशी मागणी केली होती, आणि त्यामागची दृष्टी ही की, कुणब्याच्या मुलाच्या हातातील लेखणी त्याच्या जगण्याशी जोडलेली असली पाहिजे. म्हणून तिसरी-चौथीच्या मुलाकडून 'माझा आवडता ऋतू' हा निबंध फळ्यावरून उतरवून घेण्यापेक्षा त्याला आपल्या मामाला पत्र लिहू द्यावे, विहीर खणताना काय काय लागले ते लिहू द्यावे, वस्तीवर दिवे नाहीत म्हणून ग्रामपंचायतीस अर्ज लिहू द्यावा. १९६२ साली शासनमान्य झालेले शुद्धलेखनाचे नियम त्याला अवश्य शिकवावेत, शब्दाच्या अखेरचे इकार-उकार दीर्घ लिहावयाचे हा नियम तर चौथीच्या मुलाला सहज पेलतो. पण ज्या वहीवर लाल शाईच्या खुणांची इतकी दाटी झाली की मुलाचा मजकूर दिसेनासा झाला, त्या वहीत ते मूल पुढच्या वेळी दोनच ओळी लिहिते. एका वेळी एकच चूक दाखवावी, आणि तत्पूर्वी त्याने काय सांगितले आहे यावर दोन शब्द बोलावे.

हे सारे कशासाठी? सातबाऱ्याचा उतारा, फेरफाराची नोटीस, सोसायटीच्या कर्जाचा करारनामा, दवाखान्याची चिठ्ठी हे कागद उद्या याच मुलांपुढे यावयाचे आहेत. तहसील कचेरीत दुसऱ्याकडून कागद वाचून घेऊन अंगठा उठविणाऱ्या आपल्या आजोबांना किती नुकसान सोसावे लागले, ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. आणि कागद वाचता येऊनही अधिकाऱ्यासमोर चार वाक्ये बोलण्याचे धैर्य नसल्याने हक्क गमावणारी माणसे आजही मी पाहतो.

माझ्या शिक्षक बंधुभगिनींना विनंती आहे की, येत्या जूनमध्ये पहिलीच्या वर्गाचा रोजचा पहिला अर्धा तास मुलांच्या बोलण्यासाठी राखून ठेवावा आणि तो कोणत्याही माहितीच्या तगाद्यासाठी मोडू नये. पालकांनी सायंकाळी मुलाला आज किती धडे झाले हे विचारण्याऐवजी, आज तू वर्गात काय बोललास, हे विचारावे, आणि त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.