आणखी एक वर्ष

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी मंडळातल्याच कोणीतरी दोन शब्द बोलावेत, असा आपला रिवाज आहे. यंदा तो मान मजकडे आला. चिटणीसबाईंनी विषयही सुचवला : ख्रिस्ती जीवनातील क्षमा आणि पश्चात्ताप. आपल्या मंडळात माझ्याबरोबर रविवारी उपासनेला बसणाऱ्या भगिनी आहेत, तशा आषाढात पायी पंढरपूरला जाणाऱ्याही आहेत. तेव्हा सर्वांना समजेल असे साधेच बोलते. विषय ऐकून प्रथम मी नाही म्हणणार होते. का, ते पुढे येईलच.

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेला एक दाखला आहे. एका मनुष्याच्या द्राक्षमळ्यात अंजिराचे झाड होते. तीन वर्षे तो फळ पाहायला येई आणि रिकाम्या हाताने परत जाई. अखेर त्याने माळ्याला सांगितले की हे फुकट जागा अडवून बसले आहे, तोडून टाक. माळ्याने त्या झाडासाठी आणखी एका वर्षाची मुदत मागितली. या वर्षात मी बुंध्याभोवती खणीन, खत घालीन, मग फळ धरले तर ठीक, नाही तर खुशाल तोडा, असे तो म्हणाला. गोष्ट इथेच थांबते. पुढे फळ आले की नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही. ते ऐकणाराने आपल्या आयुष्यात पाहावे, असाच त्याचा हेतू असावा.

ज्यांचे माहेर सासवड-पुरंदरकडचे आहे, त्यांना अंजिराची बाग नवी नाही. बुंध्याभोवतीची माती खणायची, शेणखत घालायचे, म्हणजे कष्टाचे काम. खणताना बारीक मुळे तुटतातच. झाडाला वाचा असती तर ते म्हणाले असते, ही कसली दया, माझ्या मुळावर तर कुदळ चालली आहे! देवाच्या सहनशीलतेचे असेच आहे. आपण तिचा अर्थ फार सोयीचा लावतो. शिक्षा झाली नाही, म्हणजे देवाने पाहिले नसेल, किंवा त्याला चालत असेल, अशी मनाची समजूत घालतो. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात याच समजुतीची कानउघाडणी केली आहे. देव चांगुलपणाने वागवतो, तो माणसाने माघारी वळावे म्हणून, असे त्याचे सांगणे आहे. मुदत मिळते ती सावलीत बसण्यासाठी नव्हे, खणून घेण्यासाठी.

आपला 'पश्चात्ताप' हा शब्द मोठा बोलका आहे. पश्चात् म्हणजे मागाहून, आणि ताप तर आपण सगळ्याच जाणतो. परंतु जुना करार ज्या इब्री भाषेत लिहिला गेला, तिच्यात यासाठी जे क्रियापद येते, त्याचा साधा अर्थ 'परत फिरणे' असा आहे. नव्या कराराच्या ग्रीक शब्दात मन पालटण्याचा अर्थ आहे. म्हणजे नुसता ताप होऊन भागत नाही, पाऊल वळले पाहिजे. ताप यहूदालाही झाला. घेतलेली चांदीची तीस नाणी त्याने परत नेऊन टाकली, पण क्षमा करणाऱ्याकडे तो वळला नाही. पेत्रानेही एका रात्रीत प्रभूला तीनदा नाकारले आणि बाहेर जाऊन तो ढसढसा रडला. पण तो शिष्यांमध्येच राहिला. पुढे सरोवराच्या काठी प्रभूने त्याला प्रेमाविषयी तीनदा विचारले आणि आपला कळप त्याच्या हाती दिला.

आणि जक्कय पाहा. तो जकातदारांचा मुख्य होता, लोकांना नाडून गबर झालेला. प्रभू त्याच्या घरी पाहुणा गेला. तेव्हा जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचे कबूल केले, आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करीन असे सर्वांसमक्ष सांगितले. प्रभूने आधी हिशेब मागितला नव्हता. प्रेम आधी आले, हिशेब मागून आला, पण तो आलाच.

क्षमा कोठवर पोचली पाहिजे, हे आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी दाखवून दिले. 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे नेले. वाट चुकलेल्या स्त्रियांना ममतेने सांभाळण्याचे काम त्यांनी तिथे पाहिले. असे काम त्यांनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. या स्त्रियांची एवढी काळजी का घेता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. ती त्यांच्या मनाला भिडली. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशाच स्त्रियांसाठी त्यांनी कृपासदन चालवले. 'देवाने तुला क्षमा केली' एवढे सांगून त्या थांबल्या नाहीत. राहायला छप्पर, हाताला काम आणि चार माणसांत पुन्हा जागा मिळेल, तेव्हाच ती क्षमा त्या बाईच्या उंबऱ्याआत आली, हे त्यांनी ओळखले होते.

आता माझ्या स्वतःच्या झाडाकडे येते.

1996 सालच्या नाताळात माझी एक अंगठी हरवली. ती सासूबाईंनी दिलेली होती. त्या वेळी आमच्याकडे भांड्यांना एक मावशी येत. सहा वर्षांत त्यांनी घरातला चमचा इकडचा तिकडे केला नव्हता. पण मी विचार केला नाही. त्यांना समोर उभे करून नको ते बोलले आणि कामावरून काढले. तेवढ्यावर राहिले नाही. गल्लीत ज्या ज्या घरी मी बसायला गेले, तिथे तिथे सांगितले की बाई सांभाळून असा, तिचा हात चांगला नाही. मावशींची आणखी दोन घरांची कामे त्यामुळे सुटली.

पुढच्या वर्षी नाताळच्या फराळासाठी माळ्यावरून सोऱ्या-कातण्याचा डबा काढला. अंगठी त्या डब्यात होती. आदल्या वर्षी करंज्यांचे पीठ मळताना मीच ती काढून ठेवली होती.

भगिनींनो, त्या वेळी मी काय केले? अंगठी बोटात घातली नाही, कपाटात दडवली. रोज रात्री गुडघे टेकून देवाची क्षमा मागू लागले. रडतही असे. रडले की थोडे हलके वाटे, मग झोप लागे. असे एक वर्ष गेले, दोन गेली, तीन गेली. मावशी रस्त्यात दिसल्या की मी पलीकडच्या बाजूने जाई. हा माझा पश्चात्ताप!

2001 साली ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात एका रविवारी पाळकसाहेबांनी या अंजिराच्या झाडावरच उपदेश केला. 'तीन वर्षे' हे शब्द माझ्या वर्मी लागले. आणि प्रभूची दुसरी एक आज्ञा आठवली. वेदीपुढे दान घेऊन आला आहेस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. मी तीन वर्षे वेदीपाशीच बसून होते.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या घरी गेले. अंगठी दाखवली. सगळे सांगितले आणि हात जोडले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाई, माफी माझ्या घरात येऊन मागितली, पण चोर मला साऱ्या गल्लीत केलं." त्यांनी चहा केला. मी तो प्याले, पण त्यांचे शब्द घशात अडकले.

त्या आठवड्यात मी चार घरी जाऊन खरे सांगितले. पाचव्या घराच्या दारातून मागे फिरले. धीर झाला नाही. जे विसरले असतील त्यांना कशाला आठवण द्या, अशी पळवाट मनाने काढली. त्यालाही आता कितीतरी वर्षे लोटली. देवाने ती सगळी वर्षे मला दिली.

मावशी आता मुलाकडे असतात. हे भाषण ठरल्यावर मी त्यांना भेटून आले आणि सभेत सांगू का, असे विचारले. "सांगा की," त्या म्हणाल्या, "नाव नका घेऊ, ज्यांना कळायचं त्यांना कळेल." म्हणून नाव घेत नाही. पण त्या काळी या गल्लीत राहणाऱ्या ज्या भगिनी इथे बसल्या आहेत, त्यांना उघड सांगते : ती बाई चोर नव्हती. खोटे मी बोलले होते, आणि खरे कळल्यावर गप्पही मीच बसले होते.

देवाने मला क्षमा केली यावर माझा विश्वास आहे. ती मी कमावलेली नाही. पण क्षमा मिळाली म्हणून मावशींची गेलेली कामे परत आली नाहीत, त्या महिन्यांत त्यांच्या घरी काय शिजले असेल हे मला ठाऊक नाही. ते ओझे मला वाहायचे आहे. क्षमेने ते उतरत नाही, वाहण्याचे बळ मात्र मिळते.

आपले मंडळ आज आणखी एका वर्षात पाऊल ठेवीत आहे. आपल्यापैकी प्रत्येकीलाही आणखी एक वर्ष मिळाले आहे. घरी गेल्यावर दिवा मालवण्यापूर्वी एक नाव आठवून पाहा, जिच्या दाराशी जायचे राहून गेले आहे असे. जाऊबाई असेल, शेजारीण असेल, पोटची लेक असेल. देवाशी बोलाच, पण सकाळी चपला घालून तिच्याकडेही जा. ती चहा देईल न देईल, तुम्ही जा.