पोर्टशी थेट बोलणं

8085 या मायक्रोप्रोसेसरचं किट ज्यांनी हाताळलंय, त्यांना डी-थ्री आणि डी-बी हे दोन संकेत झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात. डी-थ्री म्हणजे आऊट. ॲक्युम्युलेटरमधला बाइट पोर्टवर पाठव. डी-बी म्हणजे इन. पोर्टवर जे असेल ते आत घे. आकुर्डी, निगडी, चिंचवड या पट्ट्यातल्या कॉलेजांत मुलामुलींच्या कितीतरी बॅचेसनी हे आकडे हेक्स कीपॅडवर एकेक करून भरले आहेत. एफआरसी केबल जोडायची, 8255 या पोर्टांच्या चिपला 80 हा कंट्रोल वर्ड द्यायचा, की त्याचे तिन्ही पोर्ट आऊटपुट होतात. मग एलईडींची रांग, ट्रॅफिक लाइटचं कार्ड, स्टेपर मोटर. जर्नलवर सही झाली की पुढचं प्रॅक्टिकल. हे सगळं परीक्षेपुरतं असतं, अशी समजूत घेऊन बरीच मुलं बाहेर पडतात. ती समजूत खोडून काढावी म्हणून आज तुमच्याशी बोलतोय.

हेच दोन आकडे एका वेगळ्याच यंत्रात जसेच्या तसे चालतात. ते यंत्र म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-83 प्लस हा 1999 साली आलेला ग्राफिंग कॅल्क्युलेटर. समीकरण दिलं की पडद्यावर आलेख काढून दाखवतो. आपल्याकडे तो फारसा कुणी पाहिलेला नसतो, कारण आपल्या परीक्षांना त्याची गरजच पडत नाही. पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या प्रश्नपत्रिकेवर लॉगरिदम टेबल, स्लाइड रूल आणि स्टीम टेबलच्या सोबतीने साध्या पॉकेट कॅल्क्युलेटरला परवानगी असते, आणि त्यात कॅसिओचा सायंटिफिक सगळ्यांना पुरतो. अमेरिकेत मात्र शाळेतच ग्राफिंग कॅल्क्युलेटर घ्यावा लागतो. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतल्या मुलांच्याही दप्तरात तो असतो.

त्याच्या पोटात झेड-80 हा प्रोसेसर आहे. फेदेरिको फॅजिन इंटेलमध्ये 8080वर काम करत होते. तिथून बाहेर पडून त्यांनी झायलॉग कंपनी काढली आणि 1976मध्ये झेड-80 आणला, तो 8080चे प्रोग्रॅम चालतील अशा बेताने. त्याच वर्षी इंटेलचा 8085 आला, तोही 8080च्याच घराण्यातला. म्हणून दोघांची भाषा जुळते. आपल्या अनेक विद्यार्थ्यांनी रमेश गावकरांच्या पुस्तकावरून 8085 शिकला. त्याच गावकरांनी झेड-80वरही पुस्तक लिहिलेलं आहे.

आता किटवर भरतो तसेच सहा बाइट घ्या: 3ई, एफडी, डी3, 01, डीबी, 01. पहिल्या दोघांनी ॲक्युम्युलेटरमध्ये एफडी ठेवलं, पुढच्या दोघांनी ते पोर्ट एकवर पाठवलं आणि शेवटच्या दोघांनी तोच पोर्ट वाचला. या कॅल्क्युलेटरमध्ये पोर्ट एकवर कीपॅड आहे. एफडी पाठवून आपण कळांचा एक गट निवडतो. त्या गटातली एंटर दाबलेली असेल तर उत्तर येतं एफई, म्हणजे शेवटचा बिट शून्य, बाकी सगळे एक. अधिकची कळ दाबली तर एफडी, वजाची दाबली तर एफबी. दाबलेली कळ एक न दाखवता शून्य दाखवते, कारण प्रत्येक तार रेझिस्टरने वर ओढून धरलेली असते आणि कळ तिला खाली खेचते. किटवर पुल-अप रेझिस्टर म्हणून जे व्हायवात विचारतात, ते हेच.

पडदा 96 बाय 64 ठिपक्यांचा. त्याच्या कंट्रोलरला हुकूम द्यायचे ते दशमान सोळाव्या पोर्टवरून, आणि चित्राचे बाइट सतराव्यावरून. प्रोसेसर 6 मेगाहर्ट्झने धावतो आणि पडद्याचा कंट्रोलर त्या मानाने संथ, म्हणून दोन बाइटांच्या मध्ये सुमारे 10 मायक्रोसेकंद थांबावं लागतं. ते विसरलात तर पडद्यावर कचरा दिसतो. स्मृतीचा कारभारही पोर्टवरूनच. झेड-80ला एका वेळी 64 किलोबाइटच दिसतात आणि फ्लॅश आहे 512 किलोबाइटची. तिची 16 किलोबाइटची 32 पानं केलेली आहेत. कोणतं पान समोर आणायचं ते पोर्ट सहावर लिहायचं.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो पोर्ट शून्य. खालच्या बाजूला अडीच मिलिमीटरचं एक छोटं जॅक आहे, दोन कॅल्क्युलेटर जोडण्यासाठी. त्यात ग्राउंडखेरीज दोनच तारा. पोर्ट शून्यवर लिहून त्यातली कुठलीही तार खाली ओढता येते. कुणा हुशार पोरांनी तिथे इअरफोन लावला. तार खाली, तार वर, असं ठरावीक वेळाने करत राहिलं की सूर उमटतो. पेटीची पांढरी एक सेकंदाला सुमारे 261 कंपनांची. म्हणजे 6 मेगाहर्ट्झच्या घड्याळाचे साधारण साडेअकरा हजार ठोके मोजायचे आणि तार उलटवायची. यंत्रात स्पीकर नाही, आवाजासाठी कसलीही चिप नाही. एक तार आहे आणि काटेकोर मोजलेला वेळ आहे. ही गोष्ट वर्गात सांगितली की मागच्या बाकावरचं पोरगंसुद्धा सरसावून बसतं.

या पोर्टांची बरीचशी माहिती वापरणाऱ्यांनी स्वतः खणून काढली. कंपनीने आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर 512 बिटांच्या किल्लीची डिजिटल सही ठेवली होती, दुसरी सिस्टिम घालता येऊ नये म्हणून. 2009 साली अशाच एका वापरणाऱ्याने, बेंजामिन मूडीने, घरच्या संगणकावर त्या किल्लीतल्या संख्येचे अवयव पाडले आणि ते कुलूप उघडलं. कंपनीने कायदेशीर नोटिसा धाडल्या. ज्याने पैसे मोजून यंत्र घेतलं, त्याला ते उघडून समजून घेण्याचा हक्क असला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

हे आकुर्डीत बसून कशाला सांगायचं? कारण आपल्या दारातच याचा उद्योग आहे. मुंबई-पुणे रस्त्यावर बजाज ऑटोचं आवार, पलीकडे चाकणचे कारखाने. 2003च्या पल्सर डीटीएस-आयमध्ये ठिणगीची वेळ आठ बिटांचा प्रोसेसर ठरवत होता. एप्रिल 2020पासून बीएस-6च्या दुचाकींत बिघाड ओळखणारी यंत्रणा आली. हे सगळे प्रोसेसर सेन्सर वाचतात आणि कॉइलला हुकूम देतात ते पोर्टांमधूनच, आणि तिथे 10 मायक्रोसेकंदांचा हिशेब कुणालातरी ठेवावाच लागतो.

आजची मुलं आर्डुइनोवर शिकतात. त्यात वाईट काही नाही. पण तेरा नंबरची पिन पेटवायची म्हणजे मूळ चिपच्या पोर्ट बीचा पाचवा बिट एक करायचा, हे शेकडा किती जणांना ठाऊक असतं? लायब्ररीच्या एका ओळीमागे डझनावारी ठोके खर्च होतात, थेट बिट लावला तर दोनच ठोके लागतात. दोन्ही पद्धतींनी करून पाहावं, ऑसिलोस्कोपवर फरक बघावा, मग लायब्ररी खुशाल वापरावी.

झायलॉगने 2024मध्ये सुट्या झेड-80च्या ऑर्डर घेणं बंद केलं. आपल्याकडेही जुनी किटं डेडस्टॉक म्हणून भंगारात निघतात. शिक्षकांना आणि लॅब असिस्टंटना माझी विनंती आहे: जे किट चालू आहे ते निर्लेखित करण्याआधी एखाद्या आयटीआयला किंवा जवळच्या शाळेला विचारा. आणि परदेशातल्या भाच्या-पुतण्यांनो, शाळा संपल्यावर कपाटात पडलेला तुमचा कॅल्क्युलेटर पुढच्या सुट्टीत येताना घेऊन या. इथे तो उघडून बघणारे हात आहेत.